प्रकाशाला आल्या वाटेने परतवणारा आरसा

साध्या आरशावर तिरपा पडलेला प्रकाशकिरण तितक्याच कोनातून दुसऱ्या बाजूला परावर्तित होतो. ‘फेज कॉन्जुगेट मिरर’ अर्थात कला-संयुग्मी आरसा मात्र प्रकाशाला आल्या वाटेनेच माघारी धाडतो. परतणारा तरंग म्हणजे जणू मूळ तरंगाची उलटी फिरवलेली चित्रफीतच. त्यामुळे माध्यमातील दोषांनी जाताना तरंगात आलेली विकृती त्याच माध्यमातून परतताना पुसली जाते.

मॉस्को येथील लेबेदेव भौतिकी संस्थेत बोरिस झेल्दोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी रुबी लेसरचा झोत खडबडीत काचेतून दाबाखालील मिथेन वायूत सोडला. वायूतून उलटलेला झोत त्याच काचेतून बाहेर आला, तेव्हा त्यातील विस्कळीतपणा जवळपास नाहीसा झाला होता.

शक्तिशाली लेसरमध्ये हा गुण विशेष उपयोगी पडतो. प्रवर्धक तापला की झोत विस्कटतो. या आरशाने तो प्रवर्धकातून पुन्हा माघारी नेला की सावरतो. अमेरिकेतील ‘कॅलटेक’चे चांगह्वेई यांग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कोंबडीच्या मांसात विखुरलेला प्रकाशही याच तत्त्वाने पुन्हा जुळवून दाखवला. शरीरात खोलवर प्रकाश एकवटण्याची आशा त्यातून बळावली.

अट एकच: जाण्या-येण्याच्या दरम्यान माध्यम बदलता कामा नये. जिवंत शरीरात रक्त वाहते, ऊती हलतात आणि काही मिलिसेकंदांतच वाट बदलते. त्याआधी प्रकाश परतवणे, हेच या तंत्रापुढील खरे आव्हान आहे.