मूस जॉ : रस्त्याखालची गोष्ट आणि रस्त्यावरची गोष्ट

आज आपण कॅनडातल्या एका लहान शहराबद्दल बोलणार आहोत. शहराचं नाव मूस जॉ. सस्कॅचवान प्रांताची राजधानी रेजायना, तिच्या पश्चिमेला साधारण सत्तर किलोमीटरवर हे शहर आहे. लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत साडेतेहतीस हजारांच्या आसपास. जगाच्या इतिहासात त्याला ओळ-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. पण शहरं स्वतःबद्दल कोणती गोष्ट सांगतात आणि कोणती सांगत नाहीत, हे समजून घ्यायला मूस जॉ फार उपयोगी आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. प्रेअरी म्हणजे सपाट, जवळजवळ झाडं नसलेलं, मैलोन् मैल पसरलेलं गवताळ माळरान. हिवाळ्यात तापमान उणे तीसपर्यंत उतरतं. अशा माळावर माणूस पहिल्यांदा पाणी बघून थांबतो. मूस जॉ नदी आणि थंडर क्रीक नावाचा ओढा जिथे मिळतात, तिथे थोडा आडोसा आहे, पाणी आहे. क्री आणि इतर मूळ रहिवासी तिथे शतकानुशतकं थांबत आले. 1876 च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर सिटिंग बुलबरोबर सरहद्द ओलांडून आलेल्या लाकोटांपैकी काही कुटुंबं पुढे याच नदीकाठी राहिली. शहराच्या नावाबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, नदीचं वळण मूसच्या, म्हणजे त्या अवाढव्य हरणाच्या, जबड्यासारखं दिसतं. कुणी म्हणतं, उबदार वाऱ्याच्या जागेसाठी असलेल्या क्री शब्दाचं हे इंग्रजी तोंडात झालेलं रूप आहे.

शहर मात्र नदीनं वसवलं नाही, रेल्वेनं वसवलं. 1882 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ इथे पोहोचले. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा लागतो, चालक-फायरमन बदलावे लागतात, दुरुस्ती लागते. अशा ठाण्याला तिकडे डिव्हिजनल पॉइंट म्हणत. मूस जॉ तसं ठाणं झालं. 1893 मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिसकडे जाणारी सू लाइन येऊन जोडली गेली आणि ठाण्याचं जंक्शन झालं. हे जंक्शन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग गहू आला. सरकार दहा डॉलर शुल्कावर 160 एकर जमीन देत होतं. त्याआधी, 1874 मध्ये, मूळ रहिवाशांशी चौथा करार करून ही जमीन वसाहतीसाठी मोकळी केलेली होती. 1901 मध्ये मूस जॉची वस्ती दीड हजाराच्या जवळपास होती. 1911 मध्ये ती जवळजवळ चौदा हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत नऊपट! 1903 मध्ये शहराचा दर्जा मिळाला, पिठाची गिरणी आली, स्टेशनसमोर हॉटेलं उभी राहिली.

आता विचार करा, हे चौदा हजार कोण होते? त्यांत एकटे पुरुष खूप. रेल्वेचे कामगार, शेतमजूर, जमिनीच्या शोधात आलेले. त्यांना जेवण हवं, कपडे धुवून हवेत, झोपायला खोली हवी. दारू आणि जुगारही हवा, म्हणून स्टेशनजवळच्या रिव्हर स्ट्रीटची कीर्ती झाली ती त्या धंद्यांसाठी. पण जेवण आणि धुलाई ही रोजची गरज बऱ्याच प्रमाणात भागवली ती चिनी माणसांनी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅनडाची रेल्वे चिनी मजुरांनी बांधली असं आपण ऐकतो. ते खरं आहे, पण मुख्यतः ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगराळ टप्प्यापुरतं. प्रेअरीवरचे रूळ दुसऱ्यांनी टाकले. 1885 मध्ये रेल्वे पूर्ण झाली, डोंगरातलं काम संपलं, आणि काही चिनी माणसं पोटासाठी त्याच रेल्वेमार्गाने पूर्वेकडे सरकली. त्याच वर्षी सरकारनं नव्या चिनी स्थलांतरितांवर डोईपट्टी बसवली : आधी 50 डॉलर, 1900 पासून 100, 1903 पासून 500. पाचशे डॉलर म्हणजे साधारण दोन वर्षांची मजुरी. बायकामुलांना आणणं बहुतेकांना परवडणारच नव्हतं. 1908 मध्ये सस्कॅचवाननं चिनी लोकांचा मताधिकारही काढून घेतला.

आणि आता आजच्या व्याख्यानातला मुख्य माणूस. क्वाँग विंग. मूस जॉमधला रेस्टॉरंटवाला. जन्म चीनचा, पण रीतसर अर्ज करून ब्रिटिश प्रजाजन झालेला. तेव्हा कॅनडाचं वेगळं नागरिकत्व नव्हतं, ब्रिटिश प्रजाजन असणं हेच नागरिकत्व. त्याच्याकडे गोऱ्या स्त्रिया वेट्रेस म्हणून काम करत होत्या.

मार्च 1912 मध्ये सस्कॅचवानच्या विधानसभेनं कायदा केला : जपानी, चिनी किंवा इतर पौर्वात्य माणसाच्या रेस्टॉरंटमध्ये, लाँड्रीत किंवा दुसऱ्या धंद्यात गोऱ्या बाईला वा मुलीला कामावर ठेवायचं नाही. कारण सांगितलं गेलं स्त्रियांच्या संरक्षणाचं. पाठिंबा होता नीतिसुधारकांचा, कामगार संघटनांचा आणि, हे विसरू नका, धंद्यातल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांचा. मे महिन्यात कायदा लागू झाला आणि त्याच महिन्यात क्वाँग विंगवर खटला भरला गेला. मूस जॉमध्ये त्याला दोषी ठरवून दंड झाला. ज्या स्त्रियांचं संरक्षण करायचं होतं, त्यांच्या नोकरीवर गदा आली, हे वेगळंच.

दंड भरून तो गप्प बसू शकला असता. तसं त्यानं केलं नाही. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. युक्तिवाद सरळ होता : एकदा ब्रिटिश प्रजाजन झाल्यावर जन्मानं चिनी म्हणून वेगळं वागवण्याचा अधिकार प्रांताला कसा? फेब्रुवारी 1914 मध्ये निकाल लागला, चार विरुद्ध एक, त्याच्या विरोधात. सरन्यायाधीश फिट्झपॅट्रिक यांना हा कायदा स्त्री-कामगारांच्या रक्षणासाठी असलेल्या इतर कायद्यांसारखाच वाटला. एकट्या न्यायमूर्ती आयडिंग्टन यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा असा की, प्रजाजनत्व देणं ही केंद्राची बाब आहे, आणि ते एकदा दिल्यावर त्यातून मिळणारे समान हक्क प्रांतानं असे पोकळ करायचे नसतात. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं अपील ऐकायलाच नकार दिला.

वर्षाकडे जरा लक्ष द्या. 1914. त्याच मे महिन्यात व्हँकुव्हरच्या बंदरात कोमागाटा मारू जहाज येऊन थांबलं. त्यावर 376 प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख, तेही ब्रिटिश प्रजाजन. दोन महिन्यांनी त्यांतल्या बहुतेकांना घेऊन जहाज परत फिरवलं गेलं. एकाला धंद्यात अडवलं, दुसऱ्यांना दारात. प्रश्न एकच होता : कागदावर प्रजाजन असलेला माणूस खरोखर प्रजाजन असतो का?

सस्कॅचवानचा तो कायदा बदलत गेला. जपानी आणि इतरांना वगळून तो फक्त चिनी लोकांपुरता उरला. 1919 मध्ये मजकुरातून वंशाचा उल्लेख गेला, पण परवाना द्यायचा की नाही हे नगरपालिकेच्या हाती आलं. कायदा पूर्ण रद्द व्हायला 1969 उजाडलं. मधल्या काळात, जून 1927 मध्ये, याच शहरात कू क्लक्स क्लॅनची प्रचंड सभा भरली होती, हेही नोंदवलं पाहिजे. त्या वेळी रोख मुख्यतः कॅथलिक, फ्रेंच भाषक आणि पूर्व युरोपातून आलेल्यांवर होता. म्हणजे वेगळेपणाचा संशय एका गटापुरता थांबत नाही.

आता आज तुम्ही मूस जॉला गेलात तर काय दाखवतील? भुयारं. 2000 पासून तिथे तिकीट काढून भुयारांची सफर करता येते. जुन्या इमारतींखाली तळघरं आणि वाफेचे नळ नेणारे बोळ होते, त्यांच्याभोवती सफर रचली आहे. शिकागोचा गुंड अल कपोन अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात इथे लपायला येत असे, असं शहर सांगतं. सू लाइनमुळे ही गोष्ट पटण्यासारखी वाटते. आठवलं ना ते जंक्शन? सस्कॅचवानमधून सरहद्दीपलीकडे दारू जात होती, हेही खरं. पण कपोन मूस जॉला आल्याचा कागदोपत्री पुरावा मिळालेला नाही.

दुसरी सफर चिनी लोकांची आहे. डोईपट्टी, द्वेष, हाल यांबद्दल ती बोलते, आणि हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ती त्यांना भुयारात लपलेले दाखवते. आमचा आक्षेप इथे आहे. क्वाँग विंग लपलेला नव्हता. त्याचं दुकान उघडं होतं, तिथे पगारी माणसं होती, आणि त्यानं आपलं नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर कोरून ठेवलं. लपलेला माणूस दया मागतो असं आपल्याला वाटतं. न्यायालयात गेलेला माणूस हिशेब मागतो. पर्यटकाला पहिला सोयीचा असतो.

शहराला दोष देऊन थांबणं सोपं आहे. पण वाफेची इंजिनं गेली, रेल्वेतल्या नोकऱ्या घटल्या. लहान शहराला तगायचं तर काहीतरी दाखवावं लागतं. मूस जॉनं गरम खनिज पाण्याचा स्पा काढला, भिंतींवर इतिहासाची चित्रं रंगवली. 1984 मध्ये मॅक नावाचा मूसचा भला थोरला पुतळा उभारला. 2015 मध्ये नॉर्वेनं त्याहून सुमारे तीस सेंटिमीटर उंच पुतळा केला, तेव्हा मूस जॉनं गमतीगमतीत लढाई पुकारली आणि 2019 मध्ये मॅकला मोठी शिंगं बसवली. या शहराचा स्वभाव त्यात दिसतो : विनोदी, चिवट, आपली जागा न सोडणारा.

तोच चिवटपणा क्वाँग विंगमध्येही होता. म्हणून आम्हाला तो त्या शहराचा अस्सल माणूस वाटतो. कपोनइतकी तिकिटं त्याच्या नावावर खपणार नाहीत. पण 2006 मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी डोईपट्टीबद्दल संसदेत माफी मागितली, ती भुयारांतल्या दंतकथांमुळे नव्हे. अर्ज, पावत्या, खटले, निकाल हे सगळं माणसांनी जपून ठेवलं होतं आणि त्याबद्दल विचारत राहिली होती, म्हणून ती माफी मिळाली. एखादं शहर बघताना त्याची दंतकथा जरूर ऐका. मग तिथल्या कोर्टाचे कागदही मागा.