नववी (कॅथलिक मुलांच्या शाळांतील)

महाराष्ट्रात कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या, फक्त मुलग्यांच्या शाळांमधले दहावीच्या अलीकडचे वर्ष. अमेरिकेत चार वर्षांचे हायस्कूल नववीपासून सुरू होते, त्यामुळे तिथला नववीतला मुलगा शाळेत खरोखरच नवखा असतो. इथला नसतो. तो बहुधा पहिलीपासून, नाहीतर एखाद्या कॉन्व्हेंटात चौथीपर्यंत शिकून पाचवीपासून, त्याच इमारतीत वाढलेला असतो. मैदानाचा कोणता कोपरा पावसात आधी तुंबतो हेही त्याला पाठ असते. बदलतो तो अभ्यास, आणि त्याच्याकडे पाहण्याची शाळेची नजर.

या शाळांची जुनी फळी 1860 च्या दशकातली आहे : वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (1863), माझगावची सेंट मेरीज (1864), पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स (1867) आणि धोबीतलावची सेंट झेवियर्स (1869). चारही जेझुइटांच्या परंपरेतल्या. माटुंग्याची डॉन बॉस्को सालेशियनांची. जेझुइटांनी 1599 साली आपल्या शाळांसाठी जो आराखडा ठरवला, त्यात सततची उजळणी आणि वर्गातली चुरस यांवर भर होता. चाचण्यांचा सपाटा आणि ‘हाउस’च्या गुणांची ईर्ष्या पाहिली की तो अजून पुरता मावळलेला नाही असे वाटते. फादर आता मुख्यतः प्राचार्यांच्या खोलीत भेटतात. वर्गावर असतात ते सर आणि टीचर.

1975 पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला होऊ लागली. त्याआधी नववी हे मधले, काहीसे निवांत वर्ष होते. आता ते थेट बोर्डाच्या सावलीत आले. बीजगणित आणि भूमितीचे चाळीस-चाळीस गुणांचे पेपर, विज्ञानाचे दोन भाग, शिवाय अंतर्गत गुण. प्रयोगवहीत आकृती पेन्सिलीनेच हवी, डाव्या कोऱ्या पानावर हवी, आणि खाली टीचरची सही नसेल तर प्रयोग केलेला असूनही केलेला नाही. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा आणि एनसीसीचे ‘ए’ प्रमाणपत्र बरेच जण याच वर्षी उरकतात, कारण दहावीत वेळ नसतो.

शिक्षणहक्क कायद्याने (2009) आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले, आणि नापास होण्याची पहिली खरी भीती नववीत येऊन बसली. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमाती निकालाने (2014) अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याबाहेर गेल्या. भीती मात्र नववीशीच चिकटून राहिली. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुले नववीतच गाळली जातात, हा आक्षेप नावाजलेल्या सगळ्याच शाळांवर घेतला जातो. तो निव्वळ कुरकुर म्हणून झटकण्याजोगा नाही. गाळलेल्याने वर्ष पुन्हा करायचे, शाळा बदलायची, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचे.

धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांना वेगळा. बाकीच्यांना त्या वेळी मूल्यशिक्षण. अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. मॅट्रिकच्या जमान्यात या शाळांत लॅटिन आणि फ्रेंच शिकवत. मराठी 2020 च्या कायद्याने सर्वच मंडळांच्या शाळांत अनिवार्य झाली.

मुंबईच्या आंतरशालेय क्रिकेटमध्ये याच वयात खेळाडू गाइल्स ढालीच्या स्पर्धेतून हॅरिस ढालीच्या स्पर्धेत जातो. सुनील गावस्कर झेवियर्सचेच विद्यार्थी. फेब्रुवारी 1988 मध्ये शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात 664 धावांची अखंड भागी रचली, तेव्हा आझाद मैदानावर चेंडूमागे धावणारी मुले सेंट झेवियर्सची होती. सैराज बहुतुले त्यांतलाच एक गोलंदाज. भागीची गोष्ट सांगताना या बाजूची आठवण सहसा कोणी काढत नाही.

मराठवाड्यात कॅथलिक वस्ती विरळ. औरंगाबादचा धर्मप्रांतच 1977 सालचा. त्यामुळे तिथे, उदाहरणार्थ परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, जुन्या मंदिरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चारठाण्याच्या परिसरात हायस्कूल म्हटले की वेगळाच वारसा समोर येतो : हैदराबाद संस्थानातली सरकारी हायस्कुले 1962 नंतर जिल्हा परिषदांकडे आली आणि ‘प्रशाला’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मंडळ राज्याचेच, अभ्यासक्रमही तोच. फादरांच्या जागी मात्र तिथे शिक्षणाधिकारी, आणि बदलीची वाट पाहणारे गुरुजी.