जुन्या रिमफायर रायफलीचे पुनरुज्जीवन

जुन्या रिमफायर रायफलीचे पुनरुज्जीवन म्हणजे गंजलेल्या, झिजलेल्या किंवा रंग उडालेल्या रायफलीची स्वच्छता, दुरुस्ती व पृष्ठभागाचे नूतनीकरण करण्याची प्रक्रिया होय. यात जतन आणि नूतनीकरण असे दोन भेद मानले जातात. जतनात मूळ पृष्ठभाग कायम ठेवून केवळ ऱ्हास थांबवला जातो. नूतनीकरणात जुना पृष्ठभाग काढून नवा चढवला जातो. दुसरी क्रिया पूर्ववत करता येत नाही, म्हणून तिचा निर्णय प्रारंभीच घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

रिमफायर काडतुसात पेट घेणारे द्रव्य तळाच्या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिनेचा आघात या कडेवर होताच काडतूस पेटते. या प्रकाराचा उगम १८४५ च्या सुमारास फ्रान्समधील लुई निकोला फ्लोबेर यांच्या काडतुसात आढळतो. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये .२२ शॉर्ट हे काडतूस आणले; .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून प्रचारात आले. जॉन व मॅथ्यू ब्राउनिंग या बंधूंनी रचलेली विंचेस्टर १८९० ही या वर्गातील प्रसिद्ध रायफल आहे. अष्टकोनी नळी आणि पुढचा लाकडी भाग मागे-पुढे सरकवून काडतूस भरण्याची यंत्रणा ही तिची वैशिष्ट्ये होत. जत्रांमधील नेमबाजीच्या दालनांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

ऱ्हासाची कारणे

जुन्या काडतुसांतील पोटॅशियम क्लोरेटच्या ज्वलनातून पोटॅशियम क्लोराईड हा क्षार नळीत उरतो. तो हवेतील ओलावा शोषून घेतो व नळीच्या आतील पेचदार पन्हळी गंजतात. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे केवळ तेल लावून ठेवलेल्या रायफलीही आतून खराब झाल्या. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गंज न आणणारी काडतुसे प्रचारात आली. याशिवाय, रिकाम्या रायफलीचा चाप वारंवार ओढल्यास काही रचनांमध्ये फायरिंग पिन काडतूस बसण्याच्या जागेच्या काठावर आदळते. त्या काठावर खळगा पडला की काडतूस नीट पेटत नाही किंवा बाहेर काढताना अडकते.

धातूचे काम

रायफल रिकामी असल्याची खात्री करणे ही पहिली पायरी होय. सुटे भाग काढताना स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरतात. खाचा बिघडलेले स्क्रू अकुशल कामाची खूण मानले जातात. वरवरचा लाल गंज तेल आणि अतिशय बारीक स्टील वूल यांनी हलकेच काढता येतो. यंत्रावर जोराने घासल्यास अष्टकोनी नळीच्या धारा गोल होतात व कोरलेली अक्षरे पुसट होतात.

पोलादावरील निळसर-काळा थर ब्लूइंग या नावाने ओळखला जातो. हा थर मुख्यतः मॅग्नेटाईट या लोहाच्या ऑक्साईडचा असतो. संथ पद्धतीत पोलादावर मुद्दाम बारीक गंज आणून तो उकळत्या पाण्यात काळा करतात, सुटी पूड घासून काढतात आणि ही क्रिया अनेक वेळा करतात. उष्ण पद्धतीत सोडियम हायड्रॉक्साईड व नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात भाग बुडवतात. हे द्रावण त्वचा व डोळ्यांना घातक असून ॲल्युमिनियमचे भाग त्यात विरघळू लागतात. हातानेच चोळायचे थंड द्रावण लहानशा ओरखड्यापुरते उपयोगी असते. त्याचा थर फार टिकत नाही.

लाकडी दस्ता

अनेक जुन्या रायफलींचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे असतात. दबलेल्या खाचेवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवल्यास वाफेने तंतू फुगून खाच वर येते. तुटलेले तंतू मात्र असे भरून येत नाहीत. धातूला भिडणाऱ्या कडा घासल्यास लाकूड धातूच्या पातळीखाली जाते, म्हणून त्या टाळतात. शेवटी पक्क्या जवसाच्या तेलाचे पातळ हात देतात. तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्यामुळे त्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात.

संग्राहकीय मूल्य

मूळ थर जागोजागी उडालेली रायफलही संग्राहकांना नव्याने रंगवलेल्या रायफलीपेक्षा सहसा अधिक मोलाची वाटते. कारखान्याची छटा, हत्यारांच्या खुणा आणि वापराची झीज हा त्या वस्तूच्या इतिहासाचा पुरावा असतो. याउलट, नळी पूर्ण खराब झाली असल्यास किंवा आधीच कोणी ती अयोग्य रीतीने घासली असल्यास नूतनीकरण समर्थनीय ठरते. अशा नळीत नवे अस्तर बसवून मूळ बाह्यरूप राखण्याची पद्धतही प्रचलित आहे. हे काम, तसेच सुरक्षिततेची तपासणी, प्रशिक्षित शस्त्र-कारागिराकडेच सोपवले जाते.

भारतातील कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. शस्त्रांची निर्मिती, विक्री, रूपांतर व दुरुस्ती यांच्या व्यवसायालाही स्वतंत्र परवाना लागतो. अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे अथवा बदलणे याच अधिनियमान्वये निषिद्ध आहे. त्यामुळे नूतनीकरणात ही चिन्हे अबाधित राखणे हा सौंदर्यदृष्टीपुरता प्रश्न उरत नाही. ते कायदेशीर बंधनही ठरते.