अतिथी, गिऱ्हाईक आणि घरधनी

सुट्टीत शेतकऱ्याच्या घरी पैसे देऊन राहायचं, या प्रथेचा इतिहास आज थोडक्यात पाहू. आपल्याकडे तिला कृषी पर्यटन म्हणतात. मेढ्यात बसून हा विषय काढायला कारण आहे, ते पुढे येईलच.

सुरुवात फ्रान्सपासून करू. तिथे खेड्यातल्या अशा घराला ‘जीत’ म्हणतात. शब्द जुना आहे, सशाच्या निजायच्या जागेलाही तोच वापरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यातली माणसं शहराकडे चालली होती, दगडी घरं रिकामी पडत होती. इकडे शहरातल्या कामगाराला १९३६च्या कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळालेली. रजा होती, पण हॉटेल परवडत नव्हतं. या दोन अडचणींची गाठ एमिल ओबेर या सिनेटरने घातली. १९५१मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात पहिलं जीत सुरू झालं आणि १९५५मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. जुनं घर दुरुस्त करायला मदत मिळायची, त्या बदल्यात ते सुट्टीवाल्यांना भाड्याने द्यायचं. पण घर ज्याचं त्याचंच राहायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता आपल्या डोंगरावर या. मेढ्याहून केळघर घाटाने वर गेलं की महाबळेश्वर. १८२८च्या सुमारास, माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, इंग्रजांनी ते थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. साहेब आला तो बंगला बांधूनच. आसपासच्या खेड्यातल्या माणसाला तिथे जागा होती, पण ती ओझी वाहायला, बागेत राबायला. म्हणजे काय झालं बघा, पाहुणा मालक झाला आणि घरचा माणूस चाकर. हवा दोन्हीकडे चांगलीच होती. फरक पडला तो मालकीमुळे.

महाराष्ट्रात फ्रान्सच्या वाटेने जायचा प्रयत्न या शतकात झाला. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन काम उभं केलं. २०२०मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण मंजूर केलं.

जावळीसाठी हे का महत्त्वाचं? इथली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामगार म्हणून गेली. कोयनेच्या धरणात पश्चिमेकडची गावं उठली. मागे राहिलेल्या घरांना कुलपं आहेत, ती जत्रेला उघडतात. आणि २०१२मध्ये कास पठार जागतिक वारशाच्या यादीत आल्यावर पर्यटकांची रीघ लागली. फ्रान्समध्ये होती तीच जोडी झाली की! इकडे रिकामं घर, तिकडे सुट्टीवरचा शहरी माणूस. मग मधला व्यवहार कुणाच्या हातात राहणार?

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाची खोड म्हणून एक सांगतो. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ आपण परंपरेने सांगतो. तारीख ठरवून, आगाऊ पैसे भरून येतो तो गिऱ्हाईक. त्यात कमीपणा नाही. पैसे घेतल्याने आतिथ्य बाटत नाही. पण आतिथ्य करायला आधी घर आपलं असावं लागतं. जमीन विकून त्याच जागी उभ्या राहिलेल्या रिसॉर्टमध्ये ताटं मांडणारा माणूस कितीही प्रेमाने वाढो, तो यजमान नसतो.

म्हणून तरुणांना सांगणं एवढंच. दोन खोल्या नीट करा, न्हाणीघर स्वच्छ ठेवा, आपण खातो ती नाचणीची भाकरी वाढा, रास्त पैसे घ्या. सातबारा मात्र विकू नका. महाबळेश्वरचा इतिहास समोर आहे, फक्त घाट चढून बघायचा.