चारचा आकडा

परवा भाचीची भौतिकशास्त्राची वही चाळत होतो. अकोल्यात बारावीला आहे. वळणावरच्या गाडीचं गणित होतं. चित्र अगदी सुबक, आणि गाडीतून वर्तुळाच्या बाहेर जाणारा एक ठसठशीत बाण: अपकेंद्री बल. शेजारी लाल फुली. मला हसूच आलं. १९८९ साली अमरावतीला अकरावीत असताना मीही हाच बाण काढला होता, हीच फुली खाल्ली होती आणि त्या चाचणीत नापासही झालो होतो.

"पण मामा, बसमध्ये आपण वळणावर बाहेर फेकले जातो ना? मग बाण आत कसा?"

प्रश्न रास्त आहे. आणि तो फक्त तिचाच नाही. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये हे गणित प्रथम नीट मांडलं, तेव्हा त्याने बलाला नाव दिलं ते बाहेर पळण्यावरूनच. गोफणीतला दगड दोरी ताणतो, म्हणजे तो बाहेर जाऊ बघतो, असा तो विचार. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागायचं, हे आजचं सूत्र त्याच्याच हिशेबातून आलं. १६७३ मध्ये त्याने हे निष्कर्ष लंबकाच्या घड्याळावरच्या पुस्तकाच्या शेवटी छापले, तेही सिद्धतांशिवाय. त्या बाहेर आल्या १७०३ मध्ये, तो गेल्यावर.

न्यूटनसुद्धा तरुणपणी याच वाटेने जात होता. १६७९ मध्ये हूकने त्याला पत्र लिहून सुचवलं, की ग्रहाची गती म्हणजे स्पर्शरेषेवरची सरळ चाल अधिक केंद्राकडची ओढ, असं धरून बघा. बाण फिरला तो त्यानंतर. न्यूटनने 'केंद्राकडे जाणारं' असा नवा शब्द घडवला, हायगेन्सच्या शब्दाला जोड म्हणून, आणि १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त सगळी इमारत त्यावर उभी केली. इतक्या मोठ्या माणसांना जे उमजायला वर्षं लागली, ते आपण मुलांकडून एका तासात मागतो आणि वर फुली मारतो. असो.

मला ते उमजलं धूळघाटात. आमच्याकडच्या मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: अकोला-खंडवा मीटरगेज लाईन पूर्णेच्या खोऱ्यातून अकोटवरून निघून मेळघाटच्या जंगलात सातपुडा चढायची. रेल्वेला उभा चढ झेपत नाही. म्हणून धूळघाटजवळ रूळ डोंगरातच एक मोठा फेरा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून पुढे जायचे. लोक त्याला 'चार का आंकडा' म्हणत. देवनागरी ४ काढून बघा, खाली गाठ आणि वर दोन टोकं, हुबेहूब तसंच. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेसही याच फेऱ्यातून जायची.

माझे मामा रेल्वेत मेट होते. गँग घेऊन रूळ तपासायचे. नापास झालो त्या दिवाळीत त्यांच्यासोबत खंडव्याला निघालो होतो. गाडी नेमकी वळणावर थांबली आणि बाकाखालचा आमचा पाण्याचा लोटा घरंगळत फेऱ्याच्या आतल्या बाजूला गेला. बाहेर नाही, आत! मी चक्रावलो.

"बाहेरचा रूळ दोन बोटं वर घेतला आहे ना," मामा म्हणाले. "पाणसळ लावून आमीच घेतला."

मग मी बाणाचं रडगाणं गायलं. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं. म्हणाले, "तुले कोनी बाहेर ढकलत नाही रे बाप्पा. तू सरळ चालला, डब्बा वळला. डब्ब्याले कोन वळवते? रूळ. रूळ नसता तं गाडी सरळ दरीत गेली असती."

हूकचं पत्रच की हे, वऱ्हाडीत.

त्यांची दोन बोटं मी परवा भाचीसमोर ताडून पाहिली. खरी त्रिज्या माझ्याजवळ नाही, म्हणून २०० मीटर धरली. (मीटरगेजला साधारण १०९ मीटरपर्यंतचं वळण चालतं, ब्रॉडगेजला १७५ च्या खाली नाही.) वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. वर्ग करून २०० ने भागला तर ०.३५. त्याला गुरुत्वत्वरणाने भागलं की ०.०३५, आणि दोन रुळांत अंतर एक मीटर. म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. दोन बोटं! वेग दुप्पट केला तर उंची चौपट लागते, म्हणून घाटात गाडी सावकाश.

ती लाईन आता नाही. २०१७ च्या सुरुवातीला मीटरगेज बंद झालं. अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी २०२२ मध्ये सुरू झाली, पण पुढे व्याघ्रप्रकल्प आहे आणि नवा मार्ग जंगलाला वळसा घालून न्यायचं ठरलं. वाघांसाठी ते बरंच झालं, माझी तक्रार नाही. मामाही २००४ मध्ये गेले. त्यांची पाणसळ मामीने जपून ठेवली आहे, बुडबुडा अजून शाबूत आहे.

भाचीने बाहेरचा बाण खोडला, आत काढला, आणि शेपटीशी लिहिलं: 'रुळाचा'. मग जरा थांबून म्हणाली, "पण वेग शून्य ठेवला तर उंचीही शून्य येते. मग तुमची गाडी तर थांबलेली होती."

"म्हणूनच तर लोटा घरंगळला," मी म्हणालो.

ती पुन्हा पेन्सिल घेऊन बसली.