गोडाचं आडनाव

नांदगाव तिठ्यावर, देवगड-निपाणी रस्ता जिथे मुंबई-गोवा महामार्गाला छेदतो, तिथल्या एका गॅरेजात गाडीखाली हिरवट थेंब पडत होते. मेस्त्रीने एका थेंबात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला. "पाणी नाय ह्यां, कूलंट आसा. गोड लागता." रेडिएटर गळतोय, हे निदान बरोबर निघालं. पण ते 'गोड' माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन डबा उलटासुलटा करून वाचला: इथिलीन ग्लायकॉल. या ग्लायकॉल शब्दाच्या मागे लागलो आणि थेट आमच्या घरातल्या तेलाच्या बरणीपाशी येऊन थांबलो.

सुरुवात अठराव्या शतकातली. स्वीडनमध्ये औषधाचं दुकान चालवणाऱ्या शेलेने १७७९मध्ये ऑलिव्हचं तेल आणि मुरदाडशिंग पाण्यात एकत्र उकळलं. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आपल्या जुन्या मलमांतही ते असायचं. भांड्यात वरच्या पाण्यात एक गोड, दाट द्रव उतरला. शेलेने त्याला तेलातला गोड अंश म्हटलं. पुढे फ्रान्समधल्या शेव्रलने 'गोड' या अर्थाच्या ग्रीक 'ग्लुकुस'वरून त्याचं ग्लिसरीन असं बारसं केलं.

१८५६मध्ये पॅरिसला वुर्ट्झने एक नवा द्रव तयार केला. त्याला नाव द्यायचं होतं. इथे वाद आहे. ग्लायकॉल म्हणजे ग्लुकोज अधिक अल्कोहोल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. काही जण म्हणतात, थेट ग्रीक 'गोड' घेतला आणि मागे 'ऑल' लावला. मला दोन्ही पटत नाहीत. ग्लुकोजशी वुर्ट्झला काही कर्तव्यच नव्हतं. त्याच्यापुढे प्रश्न शिडीचा होता: अल्कोहोलमध्ये पाण्याशी सख्य जोडणारा हायड्रॉक्सिल गट एक, ग्लिसरीनमध्ये तीन, मग दोनवाला कुठे आहे? तो त्याने बनवला. म्हणून नावाचा पुढचा तुकडा ग्लिसरीनचा, मागचा अल्कोहोलचा. मधल्या पायरीला दोन्ही शेजाऱ्यांची नावं जोडली. गोडी त्या नावात आली ती ग्लिसरीनकडून, वारशाने. त्या काळचे रसायनतज्ज्ञ नवा पदार्थ बिनदिक्कत जिभेवर ठेवत. वुर्ट्झनेही चाखला असणार आणि नाव बरोबर जमलं म्हणून खूश झाला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढे ही मधली पायरी ग्लिसरीनच्या एकेका जागेवर जाऊन बसली. पहिल्या महायुद्धात स्फोटकांमध्ये ग्लिसरीनऐवजी ग्लायकॉल आलं. थंड देशांत मोटारीचं पाणी गोठू नये म्हणून आधी ग्लिसरीन आणि मद्यार्क घालत. १९२७पासून अमेरिकेत प्रेस्टोनच्या डब्यात ग्लायकॉल मिळू लागलं. ग्लिसरीन, मद्यार्क, ग्लायकॉल, कारण तिन्हींचं एकच: हे रेणू पाण्याला धरून ठेवतात. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असलं की ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि उकळायलाही १०० अंशांच्या सहा-सात अंश वर जावं लागतं. सिंधुदुर्गात पाणी कधी गोठायचं नाही. आपल्याला या दुसऱ्या गुणाची गरज. फोंडाघाट चढताना बॉनेट उघडून, वाफ जिरायची वाट पाहत उभे असलेले ट्रक ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाहेर ज्याला अँटिफ्रीझ म्हणतात ते आपल्याकडे कूलंट झालं ते यामुळेच.

आणि ग्लिसरीनची तिसरी जागा म्हणजे औषधाची बाटली.

१९३७मध्ये अमेरिकेतल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलमाइड हे औषध पातळ करण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. हे इथिलीन ग्लायकॉलचं सख्खं भावंड, तसंच गोड. वर रासबेरीचा स्वाद. १०५ माणसं गेली, त्यात ३४ मुलं. त्यातून १९३८चा अमेरिकी औषध कायदा आला. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला तो पदार्थ इतका निरुपद्रवी का वाटला? माझं म्हणणं असं की नावाने त्याला गाफील ठेवलं. ग्लिसरीनच्या कुळातलं, ग्लिसरीनसारखं दाट, ग्लिसरीनसारखं गोड. मग तसंच वागणार नाही कशावरून? यावर कुणी म्हणेल, कारण साधं आहे, ते औषध विरघळवणारा द्रव हवा होता आणि हा चांगला विरघळवत होता. मान्य. पण विरघळवणारे द्रव बरेच असतात. त्यांतला हाच तोंडात घालण्याजोगा का वाटला, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

मुंबईच्या बाबतीत मात्र माझा हा सिद्धान्त लंगडा पडतो. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन दिलं जात होतं. पाण्याला ओढून घेण्याचा जो गुण रेडिएटरमध्ये कामाला येतो, त्याच गुणावर ही चिकित्सा चालते. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून चाचणीपर्यंतच्या सगळ्या साखळीवर बोट ठेवलं. इथे नावाने कुणी फसलं नव्हतं. हा पैसा आणि बेपर्वाईचा मामला होता. त्यानंतरही हे थांबलेलं नाही. २०२५मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच मुलांच्या पोटात गेलं, आणि त्यातल्या काहींना नागपूरला आणावं लागलं होतं.

रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल मारतं ते वेगळ्या वाटेने. ते स्वतः फारसं घातक नाही. यकृतातला, दारू पचवणारा विकर त्याला हात लावतो आणि टप्प्याटप्प्याने त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं. ते रक्तातल्या कॅल्शियमला पकडतं आणि मूत्रपिंडात स्फटिक साचतात. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक आपल्याला नवे नाहीत. अळू-सुरणाची खाज याच पदार्थाच्या सुयांची. म्हणून आपण त्यात आमसूल किंवा चिंच घालतो. मूत्रपिंडात आमसूल घालता येत नाही. तिथे त्या विकराला अडवून धरणारं औषध लागतं आणि डायलिसिस लागतो, तोही वेळेत.

किती प्यायलं तर मरण? मोठ्या माणसाला सुमारे १०० मिलिलिटरही पुरे होतं. मांजराला किलोमागे दीड मिलिलिटर. उंदीर मात्र याच्या काही पट पचवतो, आणि विषाच्या पायऱ्या बऱ्याच अंशी उंदराच्या मापाने ठरतात. नुसतं ते माप लावलं असतं तर ग्लायकॉलच्या डब्यावर जेमतेम काही लिहिलं गेलं असतं. युरोपात माणसाचा अनुभव मोजला, तरी पायरी सौम्यच राहिली. म्हणून तिथल्या डब्यांवर कवटी नाही. उद्गारचिन्ह आहे, छातीवर तारा असलेली माणसाची आकृती आहे. लहान मुलाला त्यातून काय कळावं? कवटीतून तरी काय कळतं म्हणा. १९७१मध्ये पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने कवटीऐवजी जीभ बाहेर काढलेला हिरवा चेहरा आणला, कारण मुलांना कवटी म्हणजे चाच्यांची गंमत वाटायची.

आता तेलाच्या बरणीकडे येतो. आपल्याकडे गोडेतेल म्हणजे खायचं तेल. त्यात साखर नसते. गोड्या पाण्यात नसते, गोड्या मसाल्यातही नसते. तिथे गोड म्हणजे पोटात जाण्याजोगं. उलट दिव्याला आणि होडीला लागणारं उंडीचं तेल, ते कडू तेल. माझ्या मते हीच आपली सर्वांत जुनी विषाची चिठ्ठी. ती डब्यावर चिकटवलेली नव्हती, नावातच होती. वाचता न येणारालाही कळे, आणि जीभ तिची साक्ष देई. शेलेला गोडी सापडली ती तेलातच. तिचं नाव ग्लिसरीनकडून ग्लायकॉलकडे गेलं, पण 'पोटात जाण्याजोगं' हा अर्थ काही बरोबर गेला नाही.

यावर उपाय निघाला तोही कडू तेलाचाच. १९५८मध्ये एडिंबरामध्ये बधिर करणाऱ्या लिग्नोकेनवर काम करताना डिनॅटोनियम हाती लागलं. ते जगातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. दशलक्षात ३० ते ५० भाग घातलं की ग्लायकॉल तोंडात धरवत नाही. अमेरिकेत ओरेगॉनने आधी कायदा केला, मग कॅलिफोर्नियाने. तिथे गोडेतेलाचं कडू तेल केलं गेलं. मुलाने किंवा कुत्र्याने पहिला घोट घेतला तरी दुसरा घेऊ नये, एवढंच त्यातून साधतं, आणि तेही नेहमी नाही. पण तेवढं प्रत्येक डब्यात हवंच.

मागच्या आठवड्यात पुन्हा गॅरेजात गेलो. उरलेलं कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून खालच्या फळीवर ठेवलेलं होतं, पोरांच्या हाताच्या उंचीवर. मी मेस्त्रीला अळवाच्या खाजेपासून सगळं सांगितलं. त्याने बाटली उचलून वरच्या खुंटीला बांधली आणि विचारलं, "मगे गळता ता पाणी काय कूलंट, वळखूचा कसा?" पांढऱ्या कागदावर थेंब टिपून दाखवला. पाण्याचा रंग उठत नाही. कूलंटमध्ये रंग घातलेला असतो, तो कागदावर हिरवा उमटतो. त्याने बिलबुकातलं कोरं पान फाडलं आणि दुसऱ्या गाडीखाली धरलं.