नवोन्मेषाची मोजपट्टी आणि लॅटिन अमेरिकेतील कारखाने

उद्योगातील नवोन्मेष, म्हणजे नवे किंवा लक्षणीयरीत्या सुधारलेले उत्पादन वा उत्पादनपद्धती प्रत्यक्ष वापरात आणणे, मोजण्याची साधने प्रथम श्रीमंत औद्योगिक देशांनी आपल्या गरजेनुसार घडवली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या तज्ज्ञांनी १९६३ मध्ये इटलीतील फ्रास्काती येथे संशोधन व विकासावरील खर्चाची व्याख्या निश्चित केली. पेटंटांची संख्या हे दुसरे माप होते. ज्या कारखान्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती, त्यांच्या नावावर दोन्ही मापांनी जवळपास शून्यच पडे.

हे शून्य दिशाभूल करणारे होते, हे १९७० च्या दशकात अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ होर्हे कात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका कारखान्याचा इतिहास तपासून दाखवले. त्याच काळात अभ्यासला गेलेला ब्राझीलमधील उझिमिनास हा पोलाद कारखाना विशेष बोलका आहे : जपानी सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची मूळ क्षमता वर्षाला ५ लाख टन होती, परंतु विस्तारासाठी भांडवल मिळेना, तेव्हा तेथील अभियंत्यांनी आहे त्याच यंत्रसामग्रीत लहानलहान सुधारणा करत १९७२ पर्यंत उत्पादन मूळ क्षमतेच्या दुपटीवर नेले. एवढ्या मोठ्या कर्तृत्वाची नोंद घ्यायला त्या काळच्या आकडेवारीत रकानाच नव्हता, ही उणीव मोजणाऱ्यांची होती, कारखान्याची नव्हे.

नवोन्मेष कसा मोजावा हे सांगणाऱ्या, त्याच संघटनेच्या १९९२ च्या ओस्लो पुस्तिकेने प्रयोगशाळेऐवजी कंपनीलाच प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ केली आणि २००१ मध्ये लॅटिन अमेरिकी अभ्यासकांनी बोगोटा पुस्तिकेत तिला आपल्या प्रदेशाचा अनुभव जोडला. तुलना शक्य राहावी म्हणून ओस्लोची मूळ चौकट राखूनही त्यांनी फलिताइतकाच भर प्रयत्नांवर दिला; यंत्रखरेदी, परवान्याने घेतलेले तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कामगारांचे प्रशिक्षण आणि कामाच्या रचनेतील बदल हे सारे मोजणीच्या कक्षेत आले. २००५ च्या ओस्लो पुस्तिकेत विकसनशील देशांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता.

तरीही एक अडचण उरली. कंपनीपुरते नवे असलेलेही नवोन्मेष मानले जात असल्याने आयात केलेले यंत्र बसवणारी कंपनीही नवोन्मेषी ठरू शकते. १९९८ ते २००० या काळापासून होत आलेल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय पाहणीत कंपन्यांनी सर्वाधिक महत्त्व यंत्रखरेदीलाच दिलेले दिसते. खरेदीचा खर्च हिशेबाच्या वहीत सापडतो, पण त्या यंत्रावर पुढील दहा वर्षांत कामगारांनी आणि अभियंत्यांनी केलेले फेरफार अशा पाहणीच्या प्रश्नावलीत क्वचितच उतरतात, आणि उझिमिनासचे यश नेमके तशाच फेरफारांतून आले होते.